मुक्या नायिका आणि बोलत्या बायका

‘चित्रपट बघा, माणूस विसरा.’ फिल्म सोसायट्यांच्या वर्तुळात हे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. निमित्त आहे कोरियन दिग्दर्शक किम की-डुक याचे. ११ डिसेंबर २०२० रोजी लाटव्हियातल्या रिगा शहरात कोरोनाने त्याचा मृत्यू झाला. माणूस गेला तशी त्याच्याबद्दलची अडचणही गेली, असे पुष्कळांना वाटते आहे. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये ही आपली जुनी रीत. तिला आता कलेच्या स्वायत्ततेची जोड मिळाली आहे. आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणीही म्हणतात, की ‘स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग’ इतका सुंदर सिनेमा आहे, तो का सोडायचा?

सोडा असे मी म्हणत नाही. पण ‘माणूस विसरा’ म्हणजे नेमके कोणाला विसरा, हे आधी विचारले पाहिजे. किम की-डुकला कोणी विसरणार नाही. त्याच्या नावाने तिकिटे जातात. विसरायला सांगितले जाते ते त्याच्या सेटवरच्या बायकांना.

प्रथम त्याची कारकीर्द पाहू. जन्म १९६० चा, दक्षिण कोरियातल्या बोंगह्वा या डोंगराळ भागातला. घरची गरिबी. पोरवयातच कारखान्यात काम, मग पाच वर्षे नौसैनिक दलात. १९९० मध्ये तो पॅरिसला गेला आणि रस्त्यावर चित्रे विकून राहिला. सिनेमाचे शिक्षण नाही, कोणाची शागिर्दी नाही. परत येऊन पटकथा लिहिल्या आणि १९९६ मध्ये ‘क्रोकोडाइल’ हा पहिला चित्रपट केला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत वीसहून अधिक चित्रपट, बहुतेक अगदी थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकलेले. २००४ या एकाच वर्षी बर्लिनला ‘समॅरिटन गर्ल’साठी आणि व्हेनिसला ‘थ्री-आयर्न’साठी दिग्दर्शनाचे पारितोषिक. २०११ मध्ये कानला ‘आरिरांग’चा गौरव. २०१२ मध्ये ‘पिएटा’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह. कान, बर्लिन, व्हेनिस या तिन्ही मोठ्या महोत्सवांपैकी कुठलेही सर्वोच्च पारितोषिक तोवर कोरियन चित्रपटाला मिळालेले नव्हते. कष्टकरी घरातला, शाळा अर्धवट सुटलेला माणूस इथवर पोचला, याचे कौतुक करायला माझी ना नाही.

आता या चित्रपटांत बायकांचे काय होते ते बघू.

‘क्रोकोडाइल’मध्ये हान नदीच्या पुलाखाली राहणारा एक माणूस जीव देणाऱ्या बाईला पाण्यातून वाचवतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती तिथेच राहते, आणि पुढे या दोघांचे नाते हळवे होत जाते. ‘द आइल’ (२०००) मधली बाई तळ्यावरच्या तरंगत्या खोल्यांतल्या गिऱ्हाइकांना आमिष, कॉफी आणि स्वतःचे शरीर विकते. ती एक शब्द बोलत नाही. शेवटी ती मासे पकडायचे गळ स्वतःच्या योनीत खुपसते. ‘बॅड गाय’ (२००१) मध्ये बाकावर बसलेल्या कॉलेजच्या मुलीचे एक भडवा जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याच्यावर थुंकते आणि माफी मागायला सांगते. या ‘गुन्ह्या’बद्दल तो तिला कर्जाच्या जाळ्यात अडकवून कुंटणखान्यात आणतो आणि आरशामागे बसून तिचे होणारे हाल बघत राहतो. चित्रपट संपतो तेव्हा ती त्याच्याबरोबर ट्रकमधून गावोगाव फिरते आहे आणि त्याच ट्रकमध्ये गिऱ्हाइके घेते आहे. याला प्रेमकथा म्हटले गेले. कोरियात त्याचा सर्वांत जास्त चाललेल्या चित्रपटांत हा एक. तिथल्या स्त्रीवादी समीक्षकांनी त्याच वेळी यावर कडक टीका केली होती. त्यांना ‘कला कळत नाही’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर आपल्याही ओळखीचे आहे.

‘आम्हाला तो हिंसक सिनेमा आवडतच नाही, आम्ही त्याचे शांत चित्रपट म्हणतो आहोत,’ असे यावर सांगितले जाते. मग शांत चित्रपटच घेऊ. ‘स्प्रिंग, समर...’मधला तरुण साधू मुलीच्या मोहाने मठ सोडतो, तिच्याशी लग्न करतो, ती दुसऱ्याकडे गेली म्हणून तिचा खून करतो आणि मठात परततो. लाकडी फळ्यांवर सूत्र कोरून त्याचा राग शांत होतो. डोंगर, पाणी, बर्फ, सगळे त्याच्या शांतीसाठी राबते. खून झालेली बाई मात्र आपल्याला मेलेलीसुद्धा दाखवलेली नाही. तिच्यासाठी एक फळी कोरली जात नाही. हिवाळ्यात एक बाई चेहरा झाकून तान्हे मूल घेऊन येते, मूल तिथे सोडते आणि बर्फातल्या भोकात पडून मरते. तिला तर चेहराही मिळत नाही. ऋतुचक्र पुरुषाचे, बाई त्यात मोह म्हणून येते, प्रेत होऊन जाते.

‘थ्री-आयर्न’ तर आपल्या कामाशी फार जवळचा आहे, कारण त्यातली बाई नवऱ्याचा मार खाणारी आहे. एक तरुण लोकांच्या बंद घरांत शिरतो, कोणाचे कपडे धुतो, मोडके घड्याळ दुरुस्त करतो. ही बाई त्याच्याबरोबर निघते. बघताना मन गुंतते, हे मी नाकारत नाही. पण शेवट काय? ती नवऱ्याच्याच घरी परत येते आणि प्रियकर नवऱ्याच्या पाठीमागे अदृश्य होऊन राहायला शिकतो. नवरा आनंदाने जेवायला बसतो. मार खाणाऱ्या बाईला दिलासा कोणता, तर त्याच घरातले एक गुप्त स्वप्न. सल्ला केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तीला विचारा, नवऱ्याच्या घरात स्वप्न बघत राहणाऱ्या किती बायका तिच्याकडे येतात, आणि त्यांना स्वप्न हवे असते की खोलीचे भाडे.

समीक्षक ज्याची सर्वांत जास्त स्तुती करतात ते किमच्या चित्रपटांतले मौन. संवाद नाहीत, म्हणून ते वैश्विक. कुठल्याही भाषेतल्या माणसाला भिडणारे. त्याचे पुरुषही गप्प असतात हे खरे. पण पुरुष गप्प राहून करतो: मारतो, पळवतो, विकत घेतो, पश्चात्ताप करतो. बाई गप्प राहून सोसते. ‘द आइल’मधली बाई खून करते, सूड घेते, तिला कृती आहे हे मान्य. तरी त्या कृतीचे शेवटचे टोक तिच्याच शरीरात घुसते. बाईला ‘नाही’ म्हणण्यासाठी शब्द लागतो. तो शब्दच पटकथेतून काढून टाकला, की तिचे सोसणे संमतीसारखे दिसू लागते. हे काही कोरियन सौंदर्यशास्त्र नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरेच्या खटल्यात १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही असेच केले: अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणजे संमती. त्या निकालाविरुद्ध उभे राहताना आपली चळवळ वाढली. मौनाला संमती मानायचे नाही हे आपण तेव्हा शिकलो. ते पडद्यासमोर बसताना विसरायचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, पडद्यावर दाखवणे म्हणजे समर्थन नव्हे. बरोबर आहे. म्हणून पडद्यामागे जाऊ.

२००८ मध्ये ‘ड्रीम’च्या चित्रणात गळफासाचा प्रसंग होता. त्यात अभिनेत्रीला खरोखरच फास बसला आणि ती थोडक्यात वाचली. तो अपघात होता. कोणी मुद्दाम केला असे मी म्हणत नाही. पण पुढे काय झाले? किमला धक्का बसला, तो डोंगरातल्या खोपटात एकटा राहू लागला आणि तिथे स्वतःवरच कॅमेरा लावून त्याने ‘आरिरांग’ केला. त्यात तो स्वतःला प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तरे देतो, रडतो, गातो. कानने त्याला पारितोषिक दिले. फास बाईच्या गळ्याला बसला आणि यातना दिग्दर्शकाची ठरली. एवढ्या दाद देणाऱ्या गर्दीत, सेटवर सुरक्षेची काय व्यवस्था होती, हा साधा कामगार-प्रश्न बाजूलाच राहिला. गिरणीत पट्ट्यात हात सापडला तर आपण मालकाच्या दुःखाची कविता वाचत नाही.

२०१३ मध्ये ‘मोबियस’ आला. या चित्रपटात एकही संवाद नाही. त्यात आधी एका अभिनेत्रीला मुख्य भूमिका दिलेली होती. चित्रण सुरू झाल्यावर तिला तो सोडावा लागला. २०१७ मध्ये तिने तक्रार केली, की किमने सेटवर तिला थोबाडीत मारल्या आणि पटकथेत नसलेले लैंगिक दृश्य करायला भाग पाडले. किमचे म्हणणे, मारणे हे अभिनय समजावून देण्यासाठी होते. मारहाणीबद्दल त्याला ५० लाख वॉन, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये दंड झाला. बाकीचे आरोप पुराव्याअभावी सोडून देण्यात आले.

मग २०१८ साल उजाडले. जानेवारीत सो जी-ह्यन या सरकारी वकील बाईंनी दूरदर्शन वाहिनीवर येऊन वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल सांगितले आणि कोरियातल्या बायका एकीमागून एक बोलू लागल्या. ६ मार्चला एमबीसी वाहिनीच्या ‘पीडी सुचॉप’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात अभिनेत्रींनी किमवर लैंगिक अत्याचाराचे, बलात्काराचे आरोप केले. कोरियाच्या दिग्दर्शक संघटनेने त्याला सदस्यत्वावरून काढले. किमने आरोप नाकारले. बलात्काराच्या आरोपांवर न्यायालयात खटला कधी उभा राहिला नाही, आणि आता राहणारही नाही. म्हणून त्याला त्या गुन्ह्यातला दोषी असे मी लिहीत नाही. पण ‘काही सिद्ध झाले नाही’ असे जे सर्रास म्हटले जाते तेही खोटे आहे. सेटवर बाईला मारल्याबद्दल दंड झाला, हे सिद्ध झालेले आहे.

पुढचा भाग प्रत्येक स्त्री-संघटनेने नीट वाचावा, कारण तो आपल्याविषयी आहे. किमने तक्रारदार अभिनेत्रीवर खोट्या तक्रारीचा आणि वाहिनीवर बदनामीचा गुन्हा नोंदवायला लावला. सरकारी वकिलांनी तो फेटाळला. मग त्याने दोघांविरुद्ध १०० कोटी वॉन नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. २०१९ मध्ये जपानमधल्या युबारी महोत्सवाने त्याचा चित्रपट उद्घाटनाला निवडला, तेव्हा ‘कोरियन विमेनलिंक’ या स्त्री-संघटनेने महोत्सवाला हरकत कळवली. किमने तिच्यावरही ३० कोटी वॉनचा दावा ठोकला. एक पत्र लिहिल्याबद्दल! कोरियाच्या कायद्यात खरे बोलूनही बदनामीचा गुन्हा होऊ शकतो. ते सार्वजनिक हितासाठी होते हे बोलणाऱ्याला दाखवावे लागते. म्हणजे बाईने तोंड उघडले की आरोपी तीच. अभिनेत्री आणि वाहिनीविरुद्धचा दावा तो ऑक्टोबर २०२० मध्ये हरला. दीड महिन्याने तो वारला.

पडद्यावर ज्या माणसाने मौनाचे इतके गोडवे गायले, त्याच्या मौनाची किंमत वॉनमध्ये अशी होती. आपल्याकडेही बोललेल्या बाईवर, तिला आधार देणाऱ्या गटावर, छापणाऱ्या संपादकावर बदनामीचे खटले पडतात. तेव्हा हा कोण्या परक्या कलावंताचा खासगी वाद नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

‘चार वर्षे ती गप्प का बसली?’ कारण दिग्दर्शक व्हेनिसचा सुवर्णसिंह घेऊन आलेला होता आणि ती कामासाठी दारोदार फिरणारी नटी होती. हा प्रश्न विचारणारे तिने चौथ्या दिवशी तक्रार केली असती तर ‘प्रसिद्धीसाठी’ म्हणाले असते.

‘तो गरिबीतून आलेला, त्याच्या हिंसेत वर्गाचा राग आहे.’ हा आक्षेप गंभीर आहे, आणि आपल्यातल्या डाव्या मित्रांना तो पटतो. ‘पिएटा’मध्ये छोट्या यंत्रशाळांतल्या कर्जबाजारी कारागिरांचे हाल त्याने दाखवले, ते कोणी कारखान्यात घाम गाळलेलाच दाखवू शकतो. पण ‘बॅड गाय’ पुन्हा आठवा. सुशिक्षित वर्गाने केलेल्या अपमानाचा सूड कोणावर उगवला जातो? घरमालकावर नाही, सावकारावर नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या शरीरावर. ‘वरच्यांची’ बाई खाली आणली की खालच्या पुरुषाची मान ताठ होते, हा हिशेब आपल्या गावांतही चालतो. आणि वरचे पुरुष तर पिढ्यानपिढ्या दलित बाईच्या शरीरावर आपली सत्ता गिरवत आले आहेत. दोन्हीकडे बाई ही पुरुषांच्या भांडणाची जमीन आहे. वर्गाचा राग खरा असला तरी तो इथे चुकीच्या दारात नेलेला आहे. आणि त्या सेटवर मालक कोण होता? मजुरी ठरवणारा, काम देणारा, काढून टाकणारा तोच होता. कारखान्यात ज्याने मार पाहिला, त्याने स्वतःच्या कारखान्यात हात उगारला.

‘प्रतिभावंताला वेगळे माप लावावे.’ मुळीच नाही. प्रतिभा म्हणजे कामगार कायद्यातून सूट नव्हे.

या सगळ्यात युरोपच्या महोत्सवांची जबाबदारी मोठी आहे. कोरियात टीका वाढत होती तेव्हा तिकडे पारितोषिके वाढत होती. मारहाणीचे प्रकरण गाजल्यावरही फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्लिनने त्याचा नवा चित्रपट दाखवला. एप्रिल २०१९ मध्ये मॉस्को महोत्सवाने त्याला परीक्षक मंडळाचा अध्यक्ष केले. मृत्यूनंतर त्याचा अपुरा चित्रपट मित्रांनी पुरा केला आणि व्हेनिसने तो २०२२ मध्ये दाखवला. आशियातल्या बाईचे सोसणे त्यांना गूढ वाटते, ध्यानासारखे वाटते. तीच बाई उठून पोलीस ठाण्यात गेली की तिची भाषा त्यांना कळेनाशी होते.

त्याच काळात, त्याच देशात, दुसरा सिनेमा होत होता. १९९१ मध्ये किम हाक-सुन या वृद्धेने जपानी सैन्याने आपल्याला लैंगिक गुलाम केले होते असे जाहीरपणे सांगितले. अर्धशतकाचे मौन तिने मोडले. जानेवारी १९९२ पासून सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने सुरू झाली. ब्यन यंग-जू या तरुण दिग्दर्शिकेने या आज्यांवर १९९५ मध्ये ‘द मर्मरिंग’ हा माहितीपट केला, आणि पुढे आणखी दोन. आधी ती त्यांच्या घरी जात राहिली, त्यांचा विश्वास मिळवला, मग कॅमेरा लावला. दुसऱ्या माहितीपटाच्या वेळी तर आजारी आजींनीच सांगितले, की आमचे शेवटचे दिवस टिपून ठेव. त्या कॅमेऱ्यासमोर हसतात, भांडतात, भाजी लावतात, गातात. तिथेही भयंकर हिंसेची गोष्ट आहे, पण सांगते आहे जिच्यावर ती झाली ती. ‘द मर्मरिंग’ आणि ‘क्रोकोडाइल’ यांच्यात एका वर्षाचे अंतर आहे. आपल्या चित्रपट मंडळांत दुसऱ्या दिग्दर्शकाचे नाव सगळ्यांना पाठ आणि पहिलीचे कोणालाच माहीत नाही, असे का व्हावे? त्याहीआधी १९५५ मध्ये पार्क नाम-ओक या पहिल्या कोरियन दिग्दर्शिकेने तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून ‘द विडो’ केला होता. तिला दुसरा चित्रपट करता आला नाही. किमला वीसहून अधिक करता आले.

आपल्या देशात किमचे सर्वांत मोठे वेड केरळात होते. २०१३ मध्ये तो तिरुवनंतपुरमच्या महोत्सवाला आला तेव्हा तरुणांनी त्याला नटासारखे घेरले. त्याच केरळात २०१७ मध्ये एका अभिनेत्रीला पळवून तिच्यावर अत्याचार झाल्यानंतर मल्याळम सिनेमातल्या बायकांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ उभा केला. त्यांच्या मागणीवरून हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला आणि जनतेला दिसायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दरम्यान २०२२ मध्ये, याच बायकांच्या याचिकेवर, चित्रपटाच्या प्रत्येक निर्मिती-युनिटमध्ये अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे असे केरळ उच्च न्यायालयाने सांगितले. कोरियातही २०१८ मध्ये चित्रपट क्षेत्रातल्या स्त्रियांच्या संघटनेने ‘तुन्तुन’ हे मदतकेंद्र उघडले. दोन्हीकडे रस्ता एकच: कलेवर चर्चा करत बसण्याऐवजी सेटला कामाची जागा म्हणायचे.

तेव्हा करायचे काय? बंदी नको. बंदीची मागणी केली की आपण संस्कृतिरक्षकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहतो, आणि त्यांना बाईच्या हक्काशी काही देणेघेणे नाही. पण चित्रपट दाखवणे वेगळे आणि दिग्दर्शकाला ओवाळणे वेगळे. ज्या मंडळाला किमचे चित्रपट दाखवायचे आहेत त्याने खुशाल दाखवावेत. मात्र परिचयपत्रकात पारितोषिकांच्या यादीशेजारी तो दंड आणि ते दावेही छापावेत, आणि नंतरच्या चर्चेत एखाद्या कार्यकर्तीला बोलवावे. त्याच्या नावाने श्रद्धांजलीचे विभाग आणि सिंहावलोकने भरवू नयेत. सरकारी अनुदान घेणाऱ्या महोत्सवांना आपण पत्र लिहून विचारावे, की निवडलेल्या भारतीय चित्रपटांच्या युनिटमध्ये २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती होती का, आणि अंगप्रदर्शनाची वा मारहाणीची दृश्ये नटीला आधी लेखी कळवली होती का. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावे. पत्र लिहिण्याची किंमत कोरियातल्या मैत्रिणींना काय पडली ते आपण पाहिले. म्हणून ते एकटीने लिहू नये, दहा गटांच्या सह्यांनी लिहावे.

आणि येत्या आठ मार्चला गटात कोरियन सिनेमा दाखवायचाच असेल, तर आज्यांचा दाखवा.